क्यूबन बोंगो: मार्तीयो, क्लावे आणि तबलजींची होणारी गोची

कहरवाप्रेमी
नमस्कार मंडळी. तबल्याचा हात असलेल्याने क्यूबन पद्धतीचा बोंगो (एकमेकांना जोडलेले दोन लहान-मोठे ढोल) बसवायचा, तर काही गोष्टींत गाडी अडते. जाणकारांनी सांगावं.
१. लहान ढोल डावीकडे का ठेवतात? दायाँ-बायाँच्या सवयीप्रमाणे उजवीकडे ठेवला तर काय बिघडतं?
२. 'मार्तीयो' हा मूळ ठेका कागदावर सोपा दिसतो. पण लय थोडी वाढली की डावा हात मागे पडतो.
३. पान (ढोलाच्या तोंडावरचा ताणलेला पडदा) कातड्याचं घ्यावं की सिंथेटिक?
'हात मोकळा सोडा, आपोआप येईल' छापाची उत्तरं नकोत. कुठलं बोट, कुठे, कधी, ते सांगा.

खोडदुरुस्ती
पहिल्या प्रश्नापासून. लहान ढोल म्हणजे माचो (नर), मोठा म्हणजे एम्ब्रा (मादी). स्पॅनिशमध्ये 'ह' मुका असतो, त्यामुळे 'हेम्ब्रा' म्हणू नका. माप साधारण ७ इंच आणि साडेआठ इंच. उजव्या हाताच्या वादकाचा माचो डाव्या बाजूला असतो, कारण मार्तीयोचे आठपैकी सात ठोके माचोवरच पडतात. डावा हात सगळा वेळ त्याच पानावर बसून असतो. उजवा हात सहज समोर येतो आणि आवर्तनात एकदाच उजवीकडे एम्ब्रावर जातो. ढोल उलटे ठेवले की उजव्या हाताला त्या एका ठोक्यासाठी डाव्या हातावरून जावं लागतं. संथ लयीत निभतं, वाढली की हात हाताला आपटतो. डावखुऱ्या माणसाने मात्र खुशाल उलटं ठेवावं आणि खाली लिहिलेलं सगळं उलटं वाचावं.

बैठक: पाठीचा टेका नसलेलं स्टूल, मांड्या जमिनीला समांतर. बोंगो दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये, म्हणजे माचो डाव्या पायाला आणि एम्ब्रा उजव्या पायाला टेकलेला. दोन्ही ढोल किंचित पुढे झुकलेले. गुडघ्यांनी आवळायचं नाही, नुसतं धरायचं. नट पोटरीला टोचत असतील तर मध्ये जुना टॉवेल घाला.

आता मार्तीयो. आठ मात्रा धरा (पाश्चात्त्य लेखनात चार बीट, प्रत्येकी दोन ठोके).

१: उजवी तर्जनी माचोच्या काठाजवळ, जोर देऊन. डावा अंगठा आधीपासून पानावर टेकलेला.
२: अंगठा उचलून डाव्या हाताची बोटं माचोवर. टेकवा आणि तिथेच राहू द्या.
३: उजवी तर्जनी माचोवर, हलकी. डावी बोटं पानावर असल्यामुळे आवाज बंद आणि कोरडा येतो.
४: बोटं उचलून डावा अंगठा. तोही टेकलेलाच राहील.
५: उजवी तर्जनी, पुन्हा जोर. अंगठ्याच्या दाबामुळे सूर चढा आणि टोकदार निघतो.
६: डावी बोटं.
७: उजवा हात एम्ब्रावर, खुला ठोका.
८: डावा अंगठा माचोवर. हाच पुढच्या सुरुवातीला टेकलेला असतो.

खरी मेख चौथ्या आणि आठव्या मात्रेत आहे. अंगठा ठोका देऊन निघून जात नाही, तो पुढच्या मात्रेपर्यंत पानावर दाब ठेवतो. १ आणि ५ चा जो 'टीं' रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो तो निम्मा या दाबाचा असतो. अंगठा लवकर उचलला की आवाज पसरट होतो, आणि मग माणूस उजव्या हाताचा जोर वाढवत बसतो.

अंगठाबहाद्दर
वर दिलेला डाव्या हाताचा क्रम बरोबर आहे, पण तो एकमेव नाही. काही जण अंगठ्याने सुरुवात करतात: दुसऱ्या मात्रेला अंगठा, चौथ्याला बोटं. दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचणारा हमखास गोंधळतो, म्हणून आधीच सांगतो. एक क्रम निवडा आणि किमान दोन-तीन महिने दुसऱ्याकडे बघू नका. कान कशाने फसतो? आघात १ आणि ५ वर हवा, ७ खुला हवा, बाकी सगळं खालच्या आवाजात. एवढं साधलं की ऐकणाऱ्याला तुमचा अंगठा कुठे होता हे कळतही नाही.

बोलघेवडी
तबलजींसाठी: आधी पढंत करा. हे बोल घरगुती आहेत, क्यूबात असं कोणी म्हणत नाही, पण कामाचे आहेत.

टीं क ट गि | टीं क धूं गि

'टीं' म्हणजे जोराचा माचो, 'क' डावी बोटं, 'ट' बंद माचो, 'गि' अंगठा, 'धूं' एम्ब्रा. तोंडाने आठही बोल एकसारख्या अंतराने येईपर्यंत वाद्याला हात लावू नका. तोंडात जो बोल धावतो तोच हातातही धावतो, आणि बहुतेकांचा 'धूं गि' धावतो. धूंच्या आनंदात पुढचा गि घाईने येतो, मग समेला भोक पडतं.

दुसरी खोड कहरव्याची. आठ मात्रा दिसल्या की हात आपोआप कहरव्याचं वजन द्यायला लागतो, पाचवीला खाली आल्यासारखा सैल पडतो. मार्तीयोत १ आणि ५ दोन्ही सारख्याच ताठ. शिवाय कहरव्याची झुलती चालही इथे आणू नका. सलग टिकटिक हवी. मार्तीयोचा अर्थच हातोडा. खिळा ठोकताना कोणी झुलत नाही.

खोडदुरुस्ती
@बोलघेवडी, 'धूं गि' अगदी नेमकं पकडलंत.

@कहरवाप्रेमी, डावा हात मागे का पडतो ते सांगतो. तुम्ही बहुधा मनगट वर-खाली करताय. डाव्या हाताची हालचाल वर-खालीची नाही, कुलपात किल्ली फिरवल्यासारखी आहे. पंजा पानापासून दोन बोटं उंचीवर आडवा धरा. कोपरापासूनचा हात उजवीकडे वळला की अंगठ्याची कड पडते, डावीकडे वळला की बोटं पडतात. पंजा पुढे-मागे सरकत नाही. अंगठा पानाच्या मध्याजवळ, बोटं त्याच्या पलीकडे.

घरी पडताळायचं असेल तर डाव्या पंजाच्या पाठीवर एक नाणं ठेवा आणि नुसता डावा हात वाजवा. नाणं थोडं डुलेल, चालेल. उडून पडलं तर तुम्ही उचलताय. मेट्रोनोम (लयीची टिकटिक देणारं यंत्र) मिनिटाला ६० टिकांवर, दर टिकेला दोन ठोके. पाच मिनिटं फक्त डावा: क, गि, क, गि. मग उजवा मिसळा. ६० वर सलग तीन मिनिटं न अडखळता निघाला तर ६६. हात दुखला, खांदा वर चढला, श्वास रोखला गेला, यातलं काहीही झालं की एक पायरी खाली.

साईडऱ्हिदम
उजव्या हाताबद्दल कोणी बोललं नाही. तर्जनीचं टोक मारायचं नाही, पहिल्या दोन पेरांचा सपाट भाग पडला पाहिजे. तर्जनी जिथे तळव्याला मिळते तो सांधा रिंगवर (पान आवळून धरणाऱ्या कडीवर) आदळत असेल तर हात एक सेंटिमीटर मागे घ्या. तो सांधा सुजला की पंधरा दिवस रियाज बंद. आणि ठोका दिल्यावर बोट पानावर चिकटून राहू देऊ नका. तबल्यातल्या 'ता'सारखं लगेच सुटलं पाहिजे, पण 'ता'ची चाट इथे शोधू नका. बोंगोला शाई नाही, किनार वेगळी नाही. सगळं मैदानच.

आणखी एक. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात बोंगो स्टँडवर ठेवून उभ्याने वाजवायची रीत आहे, हातही बराचसा ढोलकी-तबल्याचा असतो. ती वेगळी वाट आहे, तिला नावं ठेवायची गरज नाही. सी. रामचंद्रांनी १९५१ च्या 'अलबेला'त बोंगो वापरला, तेव्हापासून मुंबईच्या स्टुडिओंत हे वाद्य रुळलंय. पण त्या गाण्यांवरून मार्तीयो शिकायला जाऊ नका. तिथे बोंगो गाण्याच्या अंगाने जातो, क्लावेच्या अंगाने नाही.

कहरवाप्रेमी
नाण्याने पितळ उघडं पाडलं. दुसऱ्याच ठोक्याला पलंगाखाली. :)
'क्लावेच्या अंगाने' म्हणजे नक्की काय? क्लावे म्हणजे सम समजायची का?

तीनदोन
नाही. सम हा एक बिंदू असतो, क्लावे पाच ठोक्यांची आकृती असते. तबलजीला कळेल अशा भाषेत सांगतो. तीनतालासारख्या १६ मात्रा धरा. सोन (क्यूबातला गाण्याचा एक प्रकार) क्लावेच्या टाळ्या १, ४, ७, ११ आणि १३ वर. पहिल्या आठांत तीन, दुसऱ्या आठांत दोन, म्हणून ३-२. तेच उलट्या बाजूने सुरू केलं की २-३: टाळ्या ३, ५, ९, १२, १५. रुंबा (क्यूबातलाच दुसरा प्रकार) क्लावेत फरक एवढाच की सातवीची टाळी आठवीवर सरकते: १, ४, ८, ११, १३. बोंगोवाल्याने आधी सोन क्लावे पचवावी. बोंगो मुळात सोनचं वाद्य आहे, रुंबाच्या ताफ्यात तो बसत नाही.

मार्तीयो आठ मात्रांचा, त्यामुळे १६ च्या क्लावेत तो दोनदा बसतो आणि ३-२ असो की २-३, त्यात फरक पडत नाही. म्हणून नवशिक्याला वाटतं, क्लावे कळली नाही तरी चालतंय. चालतं, पहिला तोडा घेईपर्यंत. तोड्याला रेपीके म्हणतात. तीनच्या बाजूचा तोडा दोनच्या बाजूला टाकलात की सगळा ताफा वळून बघतो.

आता सातवी मात्रा बघा. बेसवाला ४ आणि ७ वर असतो. कोंगाचे (हाताने वाजवायच्या उंच ढोलाचे) खुले ठोके ७ आणि ८ वर. तुमचा एम्ब्राचा धूंही ७ वर. तिघं एका जागी भेटतात. म्हणूनच धूंचा अतिरेक करायचा नाही. तिथे आधीच दोघांचं वजन आहे, तुमचं तिसरं. ऐकू आला पाहिजे, पण बेसला झाकता कामा नये.

रियाज: पायाने १, ३, ५, ७ (म्हणजे चार बीट), तोंडाने क्लावे, हाताने मार्तीयो. तिन्ही एकदम जमणार नाहीत. आधी पाय आणि तोंड, मग पाय आणि हात, शेवटी तिन्ही. तोंडाची क्लावे तुटली तर हात थांबवू नका, तोंड परत मिळवा. पुढे मेट्रोनोम आवर्तनाला एकदाच वाजेल असा लावा आणि ती टिक सातवीवर धरा. लय कोण सांभाळतंय ते लगेच कळेल.

बोलघेवडी
तोडा कुठून सुरू करावा? उदाहरण द्या की.

तीनदोन
३-२ मध्ये सगळ्यात सुरक्षित जागा: दोनच्या बाजूच्या शेवटच्या चार मात्रा, म्हणजे १३ ते १६. तिथे मार्तीयो सोडून चार खुले ठोके: माचो, माचो, एम्ब्रा, एम्ब्रा, हात उजवा-डावा-उजवा-डावा. १३ वर क्लावेची टाळी आहेच, तिच्यावरून उडी. पुढच्या १ वर मार्तीयोचा 'टीं' बिनचूक पडला पाहिजे. तोडा किती भारी होता यापेक्षा परतीचा टीं वेळेवर आला का, हे ऐकलं जातं. चार आवर्तनं मार्तीयो, एक तोडा, असं महिनाभर. तिहाईचा (एकच तुकडा तीनदा वाजवण्याचा) मोह आवरा. तिहाई समेवर संपते आणि ऐकणाऱ्याला टाळी वाजवायला लावते. इथे गायकाची ओळ चालू असते.

पाणसाळ
कातडं की सिंथेटिक, यावर. मुंबई, कोकण, गोवा इथे जून ते सप्टेंबर कातड्याचं पान दमट हवेने सैल पडतं. दुपारी लावलेला माचो संध्याकाळी 'टीं'ऐवजी 'टुप' बोलतो. नट आवळून सूर चढवता येतो, पण एसीच्या खोलीत शिरलात की तेच पान सुकून आणखी ताणतं आणि रिंगच्या वळणावर तडकतं. फाटलेली बहुतेक पानं वाजवून नाही, अशी फाटतात. त्यामुळे वाजवून झालं की माचोचा प्रत्येक नट अर्धा ते एक फेरा सैल करा. एम्ब्रा तसाच राहिला तरी चालतो. नटावर आणि रिंगवर मार्करने खूण केली की परत त्याच जागी आणणं सोपं.

सिंथेटिक पान हवेला दाद देत नाही, सूर टिकतो. पण अंगठ्याच्या दाबाचा जो मऊ 'गि' आहे तो त्यावर जरा खडखडीत येतो, आणि एम्ब्रावरची घासणी (पुढे कोणी सांगेलच) नीट बोलत नाही. तडजोड म्हणून माचोला सिंथेटिक आणि एम्ब्राला कातडं. किनारपट्टीवर राहणाऱ्याला हे मानवतं.

लावायची पद्धत: प्रत्येक ढोलाला बहुधा चार नट. समोरासमोरच्या जोड्यांनी, एका वेळी पाव फेरा. एकच नट गरगर फिरवला की रिंग तिरकी होते, मग कितीही आवळा, सूर लागत नाही. प्रत्येक नटाजवळ टिचकी मारून चारही जागी एकच सूर येतोय का बघा. आपल्याला तबला गट्ट्यांनी लावताना घराघराला कान लावायची सवय असते, ती इथे कामी येते. एम्ब्राला सा धरलं तर माचो मध्यम किंवा पंचमावर. काही जण थेट तार षड्जापर्यंत नेतात. नवीन माणूस माचो नेहमी कमी चढवतो. अंगठ्याने दाबल्यावर पान जेमतेम लवलं पाहिजे.

पाना बहुतेक बोंगोंना अर्धा इंच किंवा १३ मिमी लागतो. दोन्ही अगदी जवळ आहेत, पण चुकीचा वापरला की नटाचे कोपरे झिजतात. आट्यांवर वर्षातून एकदा किंचित व्हॅसलीन.

साईडऱ्हिदम
आणि कृपया पान विस्तवावर किंवा गॅसवर धरू नका. जुन्या क्यूबन बोंगोंची पानं खिळ्यांनी ठोकलेली असत, त्यांना शेकण्याशिवाय इलाज नव्हता. तुमच्याकडे नट आहेत.

कहरवाप्रेमी
ती 'घासणी' काय भानगड आहे?

ग्वांतानामेरो
बोंगोच्या मुळाशी जावं लागेल. हे वाद्य पूर्व क्यूबाचं, १९व्या शतकाच्या उत्तरार्धातलं. तिथल्या ग्वांतानामो भागात चांगुई नावाचा प्रकार आजही वाजतो: त्रेस (तीन जोडतारांची गिटार), मारिंबुला (लोखंडी पट्ट्यांचं पेटीवजा खर्जवाद्य), ग्वायो (घासायची धातूची नळी), माराका आणि बोंगो. त्यांचा बोंगो आपण विकत घेतो त्यापेक्षा मोठा आणि खालच्या सुराचा. गंमत म्हणजे चांगुईत क्लावे वाजवणारा कोणी नसतो आणि बोंगोवाला मार्तीयो धरत नाही. तो त्रेस आणि गायकाशी सवाल-जवाब करत राहतो. मार्तीयोची शिस्त आली सोन हवानाला पोचल्यानंतर, १९२० च्या दशकातल्या सेक्स्तेतो आबानेरोसारख्या सहा जणांच्या ताफ्यांतून. त्यांच्या आगुस्तीन गुतिएरेसचा बोंगो ऐका. ठेका असतो, पण तोही सारखा बोलत असतो.

घासणी या जुन्या वादकांची खूण. मधलं बोट जरा ओलं करा, अंगठ्याने मागून आधार द्या, आणि एम्ब्राच्या खालच्या काठापासून मध्याकडे दाबून सरकवा. बोट थरथरत गेलं पाहिजे, तेव्हा हंबरल्यासारखा 'ऊंऽऽ' निघतो. डग्ग्याची घिस्सी मनगटाच्या दाबाने येते, ही बोटाच्या अडखळण्याने. डग्ग्यासारखा तळवा टेकवलात तर आवाज गुदमरतो. बोट फार ओलं असलं तर नुसतं घसरतं, कोरडं असलं तर कर्र होतं. कातड्याला मेणाचा अगदी पुसट हात दिला की पकड येते.

तीनदोन
यालाच जोडून. बोंगोवाल्याचं निम्मं काम बोंगोवर नसतं. गाण्याचा शांत भाग मार्तीयोवर जातो. मोंतुनो, म्हणजे गायक आणि कोरस यांची सवाल-जवाबाची पुनरावृत्ती सुरू झाली की बोंगो पायातच ठेवून कांपाना, म्हणजे हातघंटा, उचलायची. डाव्या हातात, तोंड आपल्यापासून दूर, उजव्या हातात जाड लाकडी दांडा. मुखाजवळ दांड्याचा मधला भाग मारला की जड ठोका, तो प्रत्येक आवर्तनात १ आणि ५ वर. मानेजवळ टोकाने मारला की चढा 'टिक'. तो क्लावेच्या बाजूप्रमाणे बदलतो. आधी नुसते १ आणि ५ पक्के करा, मानेकडे नंतर जा. घंटा धरलेल्या हाताची बोटं तिच्या अंगाला जास्त चिकटली की नाद मरतो.

खरी परीक्षा अदलाबदलीत आहे. मोंतुनोच्या आधीचा तोडा संपता संपता घंटा हातात हवी. घंटा आणि दांडा उजव्या पायाशी, नेहमी त्याच जागी, मूठ आपल्याकडे करून ठेवा. न बघता उचलता आली पाहिजे. फक्त हीच उचल-ठेव रोज दहा-वीस वेळा करा: चार आवर्तनं मार्तीयो, घंटा, चार आवर्तनं कांपाना, परत. खाली ठेवताना आवाज होऊ नये म्हणून जाड फडकं अंथरा.

अंगठाबहाद्दर
चाचाचा वाजवायचाय म्हणून बोंगो घेणाऱ्यांना एक सूचना. चाचाचा ज्या चारांगा ताफ्यांतून आला त्यांत बासरी, व्हायोलिनं, तिंबालेस (काठ्यांनी वाजवायचे धातूचे जोड-ढोल), ग्विरो (घासून वाजवायचा भोपळा) आणि कोंगा असतात. बोंगो नसतो. बोंगोसाठी सोन आणि बोलेरो ऐका. बोलेरो संथ असल्यामुळे मार्तीयोचा प्रत्येक ठोका उघडा पडतो, तोच उत्तम मास्तर.

कहरवाप्रेमी
आठवडाभर ६० वरच आहे. नाणं आता पडत नाही. पण १ चा टीं कधी टोकदार येतो, कधी बोदा. अंगठा टेकलेला असतो, खात्री आहे.

खोडदुरुस्ती
टेकलेला असेल, पण दाबलेला नसेल. आठव्याला ठोका देऊन अंगठा सैल पडत असावा. एक करून बघा: मार्तीयो थांबवा, अंगठा मध्यावर ठेवा आणि उजव्या तर्जनीने काठावर नुसते सारखे ठोके द्या. त्याच वेळी अंगठ्याचा दाब हळूहळू वाढवा. एका ठिकाणी सूर एकदम चढून बारीक होतो. तेवढाच दाब लक्षात ठेवा. त्यापुढे दाबलं की आवाज मरतो. मग अंगठा मध्यापासून एक-दोन बोटं तुमच्या बाजूला सरकवून तेच करा, प्रत्येक बोंगोवर ही जागा थोडी वेगळी सापडते. सापडली की तिथे पेन्सिलीने बारीक टिंब काढा. आठवड्यात ते पुसलं जाईल, तोवर अंगठ्याला पाठ झालेलं असेल.